ताडपत्री कधी टाकायची? लातूरच्या मोंढ्यातून रडार वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरच्या मोंढ्यात यंदा नवी आडत सुरू केली, नव्या सोयाबीनची आवक लागली की माल पटांगणात उघड्यावर असतो, आणि तुम्ही मोबाइलवर पावसाचं रडार बघत बसता. पण कधी लातूरवर लाल डाग दिसतो आणि एक थेंब पडत नाही, तर कधी पडदा कोरा असतो आणि दहा मिनिटांत पोती भिजतात. मग रडारवर विसंबायचं की नाही?

विसंबायचं. ताडपत्री कधी टाकायची हे आमच्या आडतीवर गेली बारा वर्षं मीच ठरवतो, आणि रडार नसतं तर निम्मे निर्णय चुकले असते. मात्र ते रडार कुठे बसलंय आणि तिथून त्याला आपलं लातूर किती दिसतं हे आधी समजून घ्या. तुमच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

आपल्याला उपयोगी पडतं ते हवामान खात्याचं हैदराबादचं रडार. तिथून लातूर सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, नांदेडही तेवढंच. रडारचा किरण अगदी जमिनीला समांतर सोडत नाहीत, अर्धा अंश तरी वर उचललेला असतो. किरण पुढे जातो तशी पृथ्वी खाली वळत जाते. या दोन्हींचा हिशेब केला तर लातूरवर पोचेपर्यंत किरणाचा मध्य जमिनीपासून जवळपास पाच किलोमीटर वर गेलेला असतो. शिवाय किरण बॅटरीच्या झोतासारखा पसरतो. एक अंश रुंदीचा झोत सव्वादोनशे किलोमीटरवर चार किलोमीटर रुंद आणि तेवढाच उंच होतो. म्हणजे गंजगोलाईवर पाऊस आहे की एमआयडीसीत, हे त्या चित्रावरून कळणार नाही. तुम्ही पडद्यावर बघता तो डाग लातूरच्या डोक्यावर तीन ते सात किलोमीटरांच्या पट्ट्यात काय चाललंय त्याचा आहे. मोंढ्याच्या पत्र्यावर काय पडतंय ते त्यात नाही.

आता तुमची पहिली तक्रार: लाल दिसतं, पडत नाही. एप्रिल-मेच्या वळवात हे हमखास होतं. वर पाच किलोमीटरवर पाऊस खरंच असतो, पण खालची हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की थेंब वाटेतच सुकतात. आभाळाकडे बघितलं तर ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात आणि जमिनीच्या बऱ्याच वर विरतात. त्यातून हवामान खात्याच्या संकेतस्थळावर जे 'मॅक्स झेड' नावाचं चित्र असतं, त्यात त्या जागेवरच्या सगळ्या उंचींपैकी सर्वांत जोराचा प्रतिध्वनी, म्हणजे थेंबांवर आपटून रडारकडे परत आलेला किरण, दाखवतात. वरचा जोर खाली उतरलाच असेल असं नाही. त्या चित्राच्या वरच्या आणि उजव्या कडेला दोन अरुंद पट्ट्या असतात. त्यांत ढग किती उंचीपर्यंत भरलाय ते दिसतं. नुसता मधला नकाशा बघून निर्णय घेऊ नका, त्या पट्ट्या वाचायला शिका.

दुसरी तक्रार जास्त महाग पडते. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याकडचे बरेच ढग बुटके असतात. तीन-चार किलोमीटर उंचीचे, आत बर्फ नाही, विजा नाहीत, पण संततधार देणारे. हैदराबादचा किरण यांच्या डोक्यावरून निघून जातो. पडदा कोरा आणि अंगण ओलं, ते यामुळे. त्या दिवसात रडारमध्ये पावसाचा पुरावा शोधणं सोडून द्या. पश्चिमेकडच्या माणसाला फोन करा. मुरूड, कळंब, अंबाजोगाई, यांपैकी कुठेही ओळखीचं कुणी असेल तर तो माणूस रडारपेक्षा खात्रीचा.

ही उंचीची अडचण एका ऋतूत मात्र आपल्या कामी येते. गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी जे केलं ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. ज्वारी-गहू आडवा, द्राक्षबागा झोडपलेल्या, शिवारात मेलेली पाखरं. गारा तयार होतात त्या हवा गोठणबिंदूच्या खाली असते त्या थरात, आणि मार्चमध्ये तो थर साधारण चार-साडेचार किलोमीटरवर सुरू होतो. आपला किरण नेमका त्याच उंचीवरून जातो. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात लातूर-धाराशिवच्या बाजूला पन्नासच्या वरचा आकडा दिसला तर 'लांबचं रडार आहे, सोडून द्या' असं म्हणू नका. त्या वेळी ते रडार मोलाचं सांगत असतं.

आकडा म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण रंगापेक्षा तो वाचायची सवय लावली पाहिजे. प्रत्येक ॲपचे रंग वेगळे, पण बाजूची पट्टी डीबीझेड या मापात असते, म्हणजे परत आलेल्या प्रतिध्वनीच्या जोराच्या मापात. नेहमीच्या सूत्राने ३० म्हणजे तासाला तीनेक मिलिमीटर, ४० म्हणजे बारा, ५० म्हणजे पन्नासच्या आसपास. दहाचा आकडा वाढला की पाऊस चौपटीहून जास्त वाढतो, हे ध्यानात ठेवा. पण हे सूत्र आपल्याकडच्या धुवाधार पावसाला जसंच्या तसं बसत नाही. रडारला परत मिळणारा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतो. चार मिलिमीटरचा एक थेंब आणि दोन मिलिमीटरचा एक थेंब घ्या. मोठ्यात पाणी आठपट, पण रडारला तो चौसष्टपट ठळक दिसतो. उलट आपल्या उष्ण प्रदेशातला पाऊस अनेकदा लहान-मध्यम थेंबांचा पण अतिशय दाट असतो. तिथे रडार कमी सांगतं आणि गल्लीत पाणी जास्त तुंबतं. उष्ण प्रदेशासाठी वापरतात त्या सूत्राने तोच ४० चा आकडा तासाला एकवीस-बावीस मिलिमीटर देतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून रडारवरून 'किती पडेल' याचं उत्तर काढू नका. 'कुठून येतंय, केव्हा पोचेल, वाढतंय की विरतंय' ही उत्तरं काढा.

शेतकरी मला विचारतात, रडारचा फोटो पंचनाम्याला चालेल का? चालत नाही. अतिवृष्टी महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर ठरते, २४ तासांत ६५ मिलिमीटर. फोटो काढून ठेवण्यापेक्षा मंडळाची नोंद काय लागली ते बघा.

आता मुख्य काम, वेळ काढणं. सगळ्यांत आधी चित्रावरची वेळ वाचा. हवामान खात्याच्या चित्रांवर बऱ्याचदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०९०० लिहिलं असेल तर ते दुपारी अडीचचं चित्र. मी नवीन होतो तेव्हा एकदा जुनंच चित्र तासभर बघत बसलो होतो. रडार देखभालीसाठी बंद होतं आणि शेवटचं चित्र तसंच राहिलं होतं. म्हणून वेळ जुळल्याशिवाय पुढे जायचंच नाही. तसंच, खासगी ॲपमध्ये 'रडार' म्हणून जे गुळगुळीत रंग सरकताना दिसतात, त्यांतले काही आपल्या भागात उपग्रहावरून काढलेला अंदाज असतात, आणि 'पुढचे दोन तास' म्हणून दाखवतात ते तर गणित असतं. खऱ्या रडारच्या चित्रात रडारभोवती वर्तुळाकार हद्द दिसते आणि कडेचे ठिपके मोठे, ओबडधोबड असतात. ते ओबडधोबड चित्र बघा.

मग दोन चित्रं घ्या, वीस-तीस मिनिटांच्या अंतराची. ढगाचा मधला लाल भाग धरू नका, तो आतल्या आत फुगतो आणि सरकल्याचा भास होतो. पुढची कड धरा. समजा परतीच्या पावसाचे दिवस आहेत, वारं वरच्या थरात पूर्वेचं आहे, आणि उदगीर-देवणीच्या बाजूने ढगांची रांग येतेय. अर्ध्या तासात कड पंधरा किलोमीटर पुढे आली तर वेग तासाला तीस. उदगीर लातूरपासून सरळ रेषेत पंचावन्न-साठ किलोमीटर, म्हणजे पावणेदोन-दोन तास. गणित सोपं आहे, पण पूर्ण भरवसा टाकण्यासारखं नाही. एकटा गडगडाटी ढग जगतोच अर्धा ते एक तास. उदगीरवर दिसलेला ढग लातूरला पोचण्याआधीच संपून जाऊ शकतो, आणि रांग पुढे येत असते ती नवीन ढगांची असते. त्यामुळे एक तासापुढचा हिशेब मी नुसता मनात ठेवतो, हमालांना सांगत नाही. ढग नळेगाव-शिरूर अनंतपाळच्या रेषेत आला की मग हालचाल.

दिशा मात्र सकाळीच ठरवून ठेवायची. गारपिटीच्या दिवसांत ढग बहुधा पश्चिमेकडून पूर्वेला ढकलले जातात. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आत सरकलं की तेलंगण-विदर्भाकडून नांदेड, मग लातूर-परभणी, असा उलटा प्रवास. ढगाला नेतो तो आपल्या अंगाला लागणारा वारा नव्हे, तीन ते पाच किलोमीटरवरचा वारा. हैदराबादच्या रडारचं 'व्हीव्हीपी' नावाचं एक चित्र असतं, त्यात उंचीनुसार वाऱ्याचे छोटे बाण असतात. ते हैदराबादवरचे असले तरी वरच्या थरातला वारा एवढ्या अंतरात फारसा बदलत नाही. सकाळी ते एकदा बघून ठेवलं की आज कोणत्या गावाला फोन लावायचा ते कळतं.

आता ती संध्याकाळ सांगतो, कारण त्यानंतर माझी पद्धत बदलली. सुरुवातीच्या वर्षांतला ऑक्टोबर. पटांगणात सोयाबीनचे ढीग, सौदे अर्धे झालेले. चारच्या सुमाराला रडारवर निलंग्याच्या पलीकडे एक दणदणीत ढग होता, आणि तो पश्चिमेला सरकत होता. कड मोजली, रेषा ओढली. औशाच्याही दक्षिणेने निघून जाईल असं दिसत होतं. मी सांगितलं, ताडपत्री नको, मापं चालू द्या. पावणेपाचला दक्षिणेकडून गार वारा सुटला. पालापाचोळा आणि धूळ उडाली, सगळ्यांना बरं वाटलं. सव्वापाचला आमच्या डोक्यावर नवाच ढग होता आणि वीस मिनिटं असा कोसळला की ढिगांखालून पिवळं पाणी वाहिलं. रेणापूरकडच्या एका शेतकऱ्याचा बावीस क्विंटल माल होता. दुपारी मॉइश्चर मीटरवर अकरा आलेला. हमीभावाला बारा टक्के ओलाव्याची मर्यादा, म्हणजे माल उत्तम. दुसऱ्या दिवशी तोच माल सतरावर गेला होता आणि दाण्यावर डाग चढायला लागले होते. त्यांनी एक शब्द बोलला नाही. मूठभर दाणे उचलून माझ्या तळहातावर ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ते दाणे बोटांना चिकटत होते.

काय चुकलं ते मला बऱ्याच वाचनानंतर कळलं. निलंग्याच्या ढगातून पाऊस पडला तशी तिथली गार झालेली जड हवा खाली आपटून चहूकडे पसरली. ती जमिनीलगत धावत आली आणि लातूरवरच्या तापलेल्या दमट हवेच्या खाली पाचरीसारखी घुसली. गरम हवा वर फेकली गेली आणि अर्ध्या तासात नवा ढग उभा राहिला. जुना ढग माझ्या रेषेवरूनच गेला, त्यात चूक नव्हती. पण ती गार वाऱ्याची कड जमिनीपासून किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आतच असते. जवळच्या रडारवर ती बारीक रेघेसारखी दिसते. हैदराबादहून आपल्याला ती कधीच दिसणार नाही. ती फक्त इथे उभ्या असलेल्या माणसाला दिसते: क्षितिजावर धुळीची भिंत, मग अचानक गारवा, मग ओल्या मातीचा वास.

तेव्हापासून नियम असा: पन्नास किलोमीटरच्या आत कुठल्याही दिशेला जोरदार ढग असेल आणि दमट उकाड्यात अचानक गार वारा सुटला, तर रडार बघायचंच नाही. ताडपत्री टाकायची. कित्येकदा नंतर काही पडत नाही आणि व्यापारी कुरकुरतात, मापं थांबली म्हणून. कुरकुरू द्या.

यापेक्षाही मोठी गोष्ट विजेची आहे. ती तुम्ही विचारली नाहीत, पण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ताडपत्री टाकणारा हमाल थप्पीवर चढतो. ओल्या पोत्यांवर, उघड्या आभाळाखाली, पटांगणातल्या सगळ्यांत उंच जागी. वीज पडायला पाऊस सुरू व्हावा लागत नाही. मुख्य ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर अंतरावरही, डोक्यावर निळं आभाळ असताना ती पडू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, ते तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडतेय का ते दाखवतं. ते तुमच्याच नाही, मुकादमाच्या फोनमध्येही टाकून द्या. आमच्याकडे ताडपत्रीचा निर्णय बाहेरच्या टप्प्यात वीज दिसली की होतो, कारण तेव्हा माणसं चढायला वेळ असतो. आतल्या टप्प्यात वीज आली की थप्पीवर कुणीही चढत नाही, मग माल लाखाचा असो. फोन जवळ नसेल तर चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, सगळ्यांनी पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाडाखाली नाही, आणि चहाच्या पत्र्याच्या टपरीतही नाही.

एका वर्षी हे न पाळल्यामुळे आमच्या शेजारच्या ओळीत काय होता होता वाचलं ते मी पाहिलंय. दोन पोरं थप्पीवरून उतरून दहा पावलं गेली असतील, आणि समोरच्या लिंबाच्या झाडावर वीज पडली. झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. त्या पोरांतला एक अजून आमच्याकडे कामाला आहे. आभाळ भरलं की तोच सगळ्यांत आधी 'उतरा खाली' म्हणून ओरडतो.

शहराच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. तुम्ही सखल भागात दुकान किंवा गोदाम घेतलं असेल, तर ढग किती लाल आहे यापेक्षा तो किती हळू सरकतोय ते बघा. तासाला तीस किलोमीटरने जाणारा ढग पंधरा-वीस मिनिटांत शहर ओलांडतो. तोच ढग जागेवर थांबला, किंवा एकामागून एक ढग त्याच रेषेवरून येत राहिले, तर गटारं मागे फिरतात. दोन-तीन चित्रांत रांगेची लांबी आणि तिची हालचाल एकाच दिशेला असेल, म्हणजे आगगाडीचे डबे एकाच रुळावरून जावेत तसं, तर खालच्या दोन थरांतली पोती तेव्हाच वर उचला.

फोनची साखळी कशी बांधायची ते सांगतो, कारण माझ्या मते ती रडारइतकीच महत्त्वाची आहे. लातूरभोवती आठ दिशांना पंधरा ते साठ किलोमीटरच्या आसपास एकेक माणूस. पूर्वेला नळेगाव आणि उदगीर, ईशान्येला चाकूर, अहमदपूर, उत्तरेला रेणापूर, वायव्येला अंबाजोगाई, पश्चिमेला मुरूड, नैऋत्येला धाराशिव, दक्षिणेला औसा, आग्नेयेला निलंगा. माल घेऊन येणारे शेतकरी आणि गाडीवाले याच गावांचे असतात, नंबर तुमच्याकडे आधीच आहेत. विचारायचं काय, तेही ठरवून ठेवा. 'पाऊस आहे का?' एवढं विचारलं तर 'हो, आहे' एवढंच उत्तर येतं. विचारा: किती वाजता सुरू झाला, वारा आधी आला का आणि कुठून, थेंब टपोरे की बारीक, अजून चालू आहे की ओसरला. रडारवरची कड आणि त्यांनी सांगितलेली वेळ जुळली की तुमचा वेग पक्का झाला. रडार कोरं आणि तिकडे धो धो, तर आजचे ढग बुटके आहेत, आज फोनवरच चालायचं. रडार लाल आणि तिकडे कोरडं, तर वरच सुकतंय. अशा चार-पाच फोननंतर त्या दिवसापुरतं रडार किती खरं बोलतंय ते कळतं, आणि मग ते चित्र खरोखर वाचता येतं.

उद्यापासूनच सुरू करा. सकाळी हवामान खात्याच्या इशाऱ्याचा जिल्ह्यासाठीचा रंग आणि वरच्या थरातला वारा. दुपारी अडीचला ०९०० चं चित्र, मग दर वीस मिनिटांनी एक. खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा आला तर तोही. एका वहीत तीनच रकाने आखा: रडारवर काय दिसलं, फोनवर काय कळलं, मोंढ्यात काय झालं. माझ्या पहिल्या वहीत ऑक्टोबरच्या महिन्यात अकरा वेळा पहिला आणि तिसरा रकाना जुळला नव्हता. त्यातल्या आठ वेळा दुसरा रकाना रिकामा होता, मी फोनच केला नव्हता.

यंदाची आवक वाढायच्या आत ताडपत्र्यांच्या कडांना दोर बांधून घ्या. आणि वाळूची पोती थप्पीवर नाही, खाली कडेला ठेवा, म्हणजे ताडपत्री ताणायला कुणाला वर थांबावं लागणार नाही.